वाऱ्यावाचून घडलेली मोटार

सुरतेच्या वराछा किंवा कतारगाम भागातील हिऱ्यांच्या कारखान्यांत एके काळी कच्च्या खड्याचे भवितव्य एका माणसाच्या नजरेवर अवलंबून असे. तो डोळ्याला भिंग लावून खडा फिरवून फिरवून पाही, खड्याच्या पोटातील डाग नेमका कोठे दडला आहे याचा अंदाज बांधी आणि मग त्यावर शाईची रेघ ओढी. त्या रेघेवर खडा कापला जाई. रेघ चुकली तर चुकलीच. कापलेला हिरा पुन्हा सांधता येत नाही. आज मोठ्या कारखान्यांतून हे काम संगणक करतो. यंत्र खड्याचे अंतर्बाह्य माप घेते आणि त्यातून कोणत्या आकाराचे, किती वजनाचे हिरे निघतील याचे निरनिराळे आराखडे पडद्यावर मांडते. पडद्यावर खडा दहा वेळा कापून पाहावा आणि प्रत्यक्षात एकदाच कापावा, अशी ही युक्ती आहे.

शर्यतीच्या मोटारी घडवणाऱ्यांच्याही मनात हाच विचार येणे स्वाभाविक होते. मोटारीचा आकार बदलला की तिच्यावरून वाहणारी हवा बदलते. मग प्रत्येक नवा आकार लाकडात, मेणात किंवा राळेच्या तंतुपत्र्यात घडवून वाऱ्यासमोर धरण्यापेक्षा मोटार आणि वारा ही दोन्ही संगणकातच का निर्माण करू नयेत? इंग्लंडमधील एका संघाने २०१० साली हा प्रश्न नुसता विचारला नाही, तर त्यावर आपले सारे भांडवल लावले. फॉर्म्युला वन या सर्वोच्च श्रेणीच्या शर्यतीत त्याने अशी मोटार उतरवली, की जिची प्रतिकृती कोणत्याही वातबोगद्यात कधी ठेवली गेली नव्हती. त्या प्रयोगाचे काय झाले, हे समजून घेण्यापूर्वी वाऱ्याचे मोटारीशी भांडण कशावरून आहे ते पाहिले पाहिजे.

वारा मोटारीला दोन प्रकारे धरतो. एक म्हणजे तो तिला मागे रेटतो. सायकल हाकणाऱ्या मुलालाही हा अनुभव आहे. दुसरा प्रकार कमी परिचयाचा. उत्तरायणाच्या दिवशी सुरतेच्या प्रत्येक गच्चीवरून पतंग वर चढतो, तो वाऱ्याला तिरका धरलेला असतो म्हणून. हाच पतंग उलट्या बाजूने तिरका धरला, तर वारा त्याला वर उचलण्याऐवजी खाली दाबील. शर्यतीच्या मोटारीला पुढे आणि मागे जे पंख असतात, ते असे उलटे धरलेले पंख होत. ते मोटारीला जमिनीवर दाबून धरतात, चाकांची पकड वाढवतात आणि त्यामुळे वळणावर वेग फारसा कमी करावा लागत नाही. वेग दुप्पट झाला की हा दाब चौपट होतो. २०१० साली फॉर्म्युला वनच्या मोटारीचे चालकासह किमान वजन ६२० किलो असे; भरधाव वेगात वाऱ्याचा दाब या वजनाच्याही वर जाई. रस्त्याला अशी चिकटलेली मोटार वळणावर असताना तो दाब एकाएकी नाहीसा झाला तर काय होईल, याची कल्पना करता येते. ४ मे १९६९ रोजी बार्सिलोनाच्या मॉन्टज्विक टेकडीवरील शर्यतीत लोटस संघाच्या ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या दोघांच्याही मोटारींचे उंच पंख मोडले आणि दोन्ही मोटारी कठड्यावर आदळल्या. दोघेही वाचले, हे नशीब. त्यानंतर पंधरा दिवसांच्या आतच मोनॅकोच्या शर्यतीत तशा उंच पंखांवर बंदी आली. तेव्हा हवेचे गणित हा केवळ सेकंदाच्या शतांशाचा प्रश्न नाही.

वातबोगदा हे या गणिताचे जुने साधन. राइट बंधूंनी १९०१ साली आपल्या सायकलीच्या दुकानात एक लाकडी पेटी तयार करून तिच्यात पंख्याने वारा सोडला आणि दोनशेच्या आसपास लहान लहान पंखांची परीक्षा घेतली. छापील कोष्टकांवर विसंबून केलेली त्यांची उड्डाणयंत्रे अपेक्षेप्रमाणे तरंगली नव्हती. म्हणून त्यांनी दुसऱ्याचे आकडे बाजूला ठेवून स्वतः मोजले. आजचे बोगदे त्या पेटीचेच वंशज होत, परंतु त्यांचा संसार राजेशाही आहे. मोटारीखालचा रस्ता तिच्या दृष्टीने मागे पळत असतो, म्हणून प्रतिकृतीखाली तितक्याच वेगाने धावणारा पट्टा लागतो. हवेचे तपमान स्थिर ठेवावे लागते. प्रतिकृतीच्या अंगावर शेकडो ठिकाणी दाब मोजणारी छिद्रे ठेवावी लागतात. आणि इतके करूनही बोगद्यातील मोटार ही खरी मोटार नसतेच. फॉर्म्युला वनच्या नियमांनी प्रतिकृती खऱ्या मोटारीच्या ६० टक्क्यांहून मोठी असू नये आणि वाऱ्याचा वेग सेकंदाला ५० मीटर, म्हणजे ताशी १८० किलोमीटर, याहून अधिक असू नये असे बंधन घातले. लहान प्रतिकृती, कमी वेग. मग मिळालेल्या आकड्यांवरून खऱ्या मोटारीचा अंदाज. म्हणजे बोगदा हासुद्धा एक प्रकारचा देखावाच झाला. फरक एवढाच, की या देखाव्यातील वारा खरा असतो.

हा फरक लहान नाही. १९७० नंतरच्या दशकाच्या मध्याला लोटस संघाचे अभियंते पीटर राइट आणि त्यांचे सहकारी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील बोगद्यात एका प्रतिकृतीची परीक्षा घेत होते. मोटारीच्या दोन्ही कुशींना जोडलेले पोकळ भाग आतून पंखासारखे वळवलेले होते. आकडे मात्र एकसारखे येईनात. तीच प्रतिकृती, तोच वारा, पण दाब कधी एक तर कधी दुसरा. बारकाईने पाहिल्यावर ध्यानात आले, की प्रतिकृतीच्या कुशी फारशा बळकट नव्हत्या. वाऱ्याच्या जोराने त्या खाली वाकत आणि पट्ट्याच्या जवळ येत. जितक्या त्या जमिनीच्या जवळ येत, तितका दाब वाढे. मग त्यांनी पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून ती फट बुजवून पाहिली, आणि दाब एकदम चढला. मोटारीचे अख्खे पोटच उलट्या पंखाचे काम करू शकते, हा शोध असा लागला. त्यावर आधारलेल्या लोटस मोटारीने मारिओ अँड्रेटी यांना १९७८ सालचे जगज्जेतेपद मिळवून दिले.

या हकिगतीत खोच आहे ती अशी, की लोटसच्या माणसांनी तो प्रश्न विचारलाच नव्हता. प्रतिकृती कच्ची होती म्हणून वाकली, वाकली म्हणून वाऱ्याने उत्तर दिले. संगणकातील मोटार कधी वाकत नाही. ती वाकावी असे कोणी तिला सांगितले तरच ती वाकते. बोगदा न विचारलेल्या प्रश्नाचेही उत्तर कधी कधी देऊन जातो. संगणक विचारलेल्या प्रश्नाचेच देतो.

मग संगणक नेमके करतो तरी काय? हवा कशी वाहील याची समीकरणे जुनी आहेत. फ्रान्समधील नाव्हिए यांनी ती १८२२ च्या सुमाराला मांडली आणि स्टोक्स यांनी १८४५ मध्ये ती पक्की केली. तापीचे पाणी पुलाच्या खांबाला वळसा घालून जाते ते याच समीकरणांच्या आज्ञेने, आणि चुलीवरचा धूर वर चढतो तोही. परंतु समीकरण माहीत असणे वेगळे आणि ते सुटणे वेगळे. ही समीकरणे सर्वसाधारण रूपात सुटतात की नाही हेच अद्याप सिद्ध झालेले नाही, आणि त्यासाठी अमेरिकेतील क्ले गणितसंस्थेने २००० साली जाहीर केलेले १० लाख डॉलरांचे पारितोषिक तसेच पडून आहे. म्हणून अभियंता दुसरा मार्ग धरतो. मोटारीभोवतालच्या हवेचे तो कोट्यवधी बारीक घरांत विभाजन करतो. घरे मोटारीच्या अंगाजवळ अतिशय बारीक आणि दूरवर मोठी. प्रत्येक घरात हवेचा दाब किती, वेग किती, दिशा कोणती हे गृहीत धरायचे, शेजारच्या घराशी त्याचा मेळ घालायचा, चूक निघाली की सुधारायची, आणि सर्व घरांचा मेळ बसेपर्यंत हे चक्र फिरवत राहायचे. कारकुनी काम खरे. पण कोट्यवधी घरांचे, आणि हजारो वेळा.

हे काम हाताने करून पाहणारा एक माणूस होऊन गेला. लुइस फ्राय रिचर्डसन हा इंग्रज शास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धात शस्त्र हाती धरण्यास नकार देऊन फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवीत होता. त्या धामधुमीत त्याने २० मे १९१० या एका दिवसाच्या हवामानाचे सहा तासांचे भाकीत घरांची मांडणी करून हाताने काढले. उत्तर आले, की मध्य युरोपात हवेचा दाब सहा तासांत १४५ मिलिबारने चढेल. एवढा चढउतार पृथ्वीवर कोठेच संभवत नाही. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळजवळ स्थिर होता. रिचर्डसनची रीत चुकली नव्हती. आरंभी घेतलेल्या वाऱ्याच्या नोंदी ओबडधोबड होत्या आणि गणिताने त्यातील दोष इमानाने वाढवून दाखवला. त्या माणसाचा मोठेपणा असा, की १९२२ साली त्याने हे चुकलेले भाकीत आपल्या ग्रंथात जसेच्या तसे छापले.

मोटारीच्या गणितात आणखी एक अडचण आहे. पळत्या मोटारीमागे हवेचे भोवरे उठतात, मोठ्या भोवऱ्यांतून लहान, लहानांतून आणखी लहान. सर्वांत लहान भोवरा मिलिमीटरच्या अंशाएवढा असतो. ते सारे पकडायचे म्हटले तर ढोबळ हिशेबाने एकावर सोळा शून्ये इतकी घरे लागतील. असा संगणक आज कोणापाशी नाही. म्हणून लहान भोवऱ्यांची प्रत्यक्ष मोजदाद न करता त्यांचा सरासरी परिणाम काय होईल याची एक उपपत्ती गृहीत धरावी लागते. अशा उपपत्ती अनेक आहेत. एक पंखावर चांगली चालते, दुसरी फिरत्या चाकाच्या मागे. कोणती कोठे वापरावी हे संगणक सांगत नाही. ते ज्याने पूर्वी मोजून पाहिले आहे, त्यालाच ठाऊक असते. सगळ्या प्रकरणाची गोम येथे आहे, आणि पडद्यावरच्या सुंदर रंगीत चित्रात ती मुळीच दिसत नाही.

संगणकाच्या या स्पर्धेत महाराष्ट्राचाही एक अध्याय आहे. टाटा समूहाच्या पुण्यातील संगणकीय संशोधन प्रयोगशाळेत उभारलेला ‘एका’ हा महासंगणक नोव्हेंबर २००७ च्या जागतिक यादीत चौथ्या क्रमांकावर आला. सेकंदाला सुमारे ११८ लाख कोटी आकडेमोडी करण्याची त्याची शक्ती होती, आणि त्या वेळी आशिया खंडात त्याच्या तोडीचे यंत्र नव्हते. अशा यंत्राला काम हवे असते, आणि हवेच्या प्रवाहाचे गणित हे त्याचे भरपेट खाद्य. पुढे दोनतीन वर्षांच्या आतच फोर्स इंडिया या भारतीय मालकीच्या फॉर्म्युला वन संघाने आपल्या मोटारींच्या हवेच्या गणितासाठी पुण्याच्या या प्रयोगशाळेशी हातमिळवणी केली. मोटार घडे इंग्लंडात, सिल्व्हरस्टोनच्या कारखान्यात. तिच्यावरून वाहणाऱ्या वाऱ्याचा काही हिशेब व्हायचा तो मुळा-मुठेच्या काठी. मात्र या संघाने वातबोगदा सोडला नाही. संगणकाने शंभर आकारांतून दहा निवडावेत आणि त्या दहांची परीक्षा बोगद्याने घ्यावी, अशी वाटणी बहुतेक सर्वच संघांची होती.

ही वाटणी मोडण्याचे धाडस निक वर्थ यांनी केले. ते या क्षेत्रात नवखे नव्हते. १९९४ साली त्यांच्या सिमटेक संघाचा चालक रोलंड रॅट्झेनबर्गर इटलीतील इमोला येथे पुढचा पंख तुटून मृत्यू पावला होता. आदल्या फेरीत मोटार रस्त्याबाहेर गेल्याने तो पंख दुखावलेला होता. वारा माणसाच्या जिवाशी कसा खेळतो हे वर्थ यांनी जवळून पाहिले होते. नंतर अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी त्यांनी मुख्यतः संगणकावर भिस्त ठेवून अक्युरा मोटारी घडवल्या, आणि २००९ साली त्यांतील एकीने आपल्या वर्गाचे विजेतेपद मिळवले. तेव्हा संगणकावरचा त्यांचा विश्वास हवेतला नव्हता.

त्याला पैशाचीही जोड होती. २००९ मध्ये शर्यतींच्या नियामक मंडळाचे तत्कालीन अध्यक्ष मॅक्स मोझली यांनी प्रत्येक संघाच्या वार्षिक खर्चावर ४ कोटी पौंडांची मर्यादा घालण्याचा प्रस्ताव मांडला. त्या आशेने तीन नवे संघ पुढे आले. मोठ्या संघांनी विरोध केला, मर्यादा बारगळली, पण नवे संघ मैदानात उतरले ते उतरलेच. जेवणाचे आमंत्रण रद्द झाल्यावर पाहुण्याने दाराशी उभे राहावे तशी त्यांची अवस्था होती. त्यांपैकी व्हर्जिन रेसिंग या संघाची व्हीआर-०१ ही मोटार वर्थ यांनी घडवली. बोगद्याचा खर्चच नको. तोच पैसा संगणकावर लावू, हा त्यांचा हिशेब होता.

मोटार धावली, हे आधी सांगितले पाहिजे. ती उडाली नाही, उलटली नाही, हवेने तिला मोडून टाकले नाही. वाऱ्याशी कधी गाठ न पडलेली मोटार मार्च २०१० मध्ये बहारीनच्या शर्यतीत इतरांबरोबर उभी राहिली, ही अभियांत्रिकीच्या इतिहासातील लहान गोष्ट नव्हे. पण ती मागे पडली. फेब्रुवारीत स्पेनमधील हेरेझच्या सरावात तिचा पुढचा पंख निसटून पडला. मग असे आढळले, की तिची इंधनाची टाकीच लहान आहे. काही शर्यती पूर्ण जोराने धावून संपवण्याइतके इंधन तिच्यात मावत नाही, आणि शर्यतीच्या मध्ये इंधन भरण्यास त्याच वर्षापासून मनाई झाली होती. नियामक मंडळाच्या परवानगीने सांगाडा लांबवावा लागला. टिमो ग्लॉक आणि लुकास दि ग्रासी या दोघा चालकांनी वर्षभर गाडी हाकली. वर्षाअखेर संघाच्या नावावर एकही गुण नव्हता आणि बारा संघांत त्याचा क्रमांक बारावा होता. त्याच वर्षी पुण्याच्या संगणकाचीही मदत घेणाऱ्या, पण बोगदा न सोडलेल्या फोर्स इंडिया संघाने ६८ गुण मिळवून सातवा क्रमांक पटकावला. २०११ च्या जूनमध्ये व्हर्जिन संघ आणि वर्थ यांची फारकत झाली, आणि थोड्याच दिवसांत संघाने मॅकलारेन कंपनीशी तांत्रिक साहाय्याचा करार केला.

येवढ्यावरून संगणक हरला आणि बोगदा जिंकला असा निकाल देणे घाईचे होईल. टाकी लहान राहिली हा हवेच्या गणिताचा दोष नव्हता. निसटलेला पंख हाही जोडणीचा दोष. फोर्स इंडियापाशी काही वर्षांचा अनुभव होता आणि पैसाही अधिक होता. नव्या संघाला पहिल्या वर्षी अपयश येणे यात नवल नाही. त्या वर्षीच्या इतर दोन नव्या संघांनाही एक गुण मिळाला नाही, आणि त्यांनी बोगदा वर्ज्य मानला नव्हता. व्हर्जिनच्या मोटारीचे खरे दुबळेपण वेगळ्या ठिकाणी होते. संगणकाचा आकडा आणि धावपट्टीवरचा आकडा यांत तफावत पडली, तर इतर संघांपाशी तिसरा साक्षीदार होता. व्हर्जिनपाशी तो नव्हता. घरे कमी पडली, की भोवऱ्यांची उपपत्ती चुकली, की घडवलेला पंखच आराखड्याबरहुकूम नव्हता, हे ठरवायचे कसे? दोन साक्षी परस्परविरुद्ध पडल्या तर न्यायाधीश अडतो. हेच येथे घडण्याचा धोका होता.

आणि तिसरा साक्षीदारही नेहमी खरे बोलतो असे नाही. फेरारीसारख्या मातब्बर संघाला २०१२ मध्ये आढळून आले, की आपल्या मारानेल्लोच्या बोगद्यातील आकडे धावपट्टीशी जुळत नाहीत. त्यांनी तो बोगदा सुधारणेसाठी बंद ठेवला आणि जर्मनीत कोलोन येथे टोयोटाच्या बोगद्यात आपली प्रतिकृती नेली. २०२२ चा प्रसंग तर अधिक बोलका आहे. त्या वर्षी नियम बदलले आणि मोटारीच्या पोटाखालील हवेचा उपयोग करण्यास सुमारे चाळीस वर्षांनी पुन्हा मुभा मिळाली. सर्व संघांनी बोगदे आणि संगणक दोन्ही राबवून मोटारी घडवल्या. फेब्रुवारीत बार्सिलोनाला त्या धावू लागल्या आणि सरळ रस्त्यावर भरवेगात बेडकासारख्या उसळू लागल्या. वेग वाढला की हवा मोटारीला खाली ओढी. ती फार खाली गेली की पोटाखालचा प्रवाह कोंडे आणि दाब सुटे. मोटार वर येई. प्रवाह पुन्हा सुरू होई. चालकांच्या पाठी दुखावल्या. बोगद्यात प्रतिकृती एका दांड्याला घट्ट धरलेली असते, संगणकात मोटार बहुधा एका उंचीवर स्थिर मानलेली असते. उसळायला मोकळीक होती ती फक्त रस्त्यावर. जुन्या मंडळींना १९८० च्या आसपासच्या मोटारी अशाच उसळत हे आठवत होते, पण आठवण हा आकडा नव्हे.

मोठ्या संघांनी या साऱ्यातून काय घेतले हे त्यांच्या खर्चावरून दिसते. संगणक दरवर्षी अधिक वेगवान होत असतानाही मॅकलारेनने वोकिंग येथे नवा बोगदा उभारून तो २०२३ मध्ये वापरात आणला. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी संघांचे जगज्जेतेपद त्यांच्याकडे गेले, अर्थात याचे श्रेय एकट्या बोगद्याला देता येणार नाही. दुसरीकडे, नियामक मंडळाने बोगद्याचे तास आणि संगणकाचे गणित या दोहोंवर शिधापत्रिकेसारखी मापे बसवली आहेत. २०२२ च्या नियमांत आदल्या वर्षीच्या विजेत्याला ठरावीक वाट्याच्या ७० टक्के, तर दहाव्या संघाला ११५ टक्के मिळू लागले. श्रीमंताच्या ताटातून काढून गरिबाला वाढण्याचा हा प्रकार जगातील सर्वांत खर्चिक खेळात दिसावा, ही एक गंमतच.

आपल्याकडे मात्र प्रश्न निराळ्या रूपात उभा राहतो. सुरतेच्या सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत, मुंबईच्या सोमय्या महाविद्यालयात, पवईच्या आयआयटीत, पुण्याच्या महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांचे संघ स्वतः मोटारी बांधतात. त्यांपैकी शर्यतीच्या घाटाच्या एका आसनी मोटारी बांधणारे कोइंबतूरजवळच्या कारी धावपट्टीवर भरणाऱ्या ‘फॉर्म्युला भारत’ स्पर्धेत उतरतात. महाविद्यालयातल्या बोगद्यात बहुधा हातभर लांबीची प्रतिकृती मावते आणि खाली धावणारा पट्टा नसतो. त्यामुळे या मुलांच्या बाबतीत बोगदा की संगणक हा वादच उरत नाही. वर्थ यांनी जे निवडून केले, ते यांना नाइलाजाने करावे लागते. साधने मात्र हाताशी आहेत. ओपनफोम हे हवेच्या प्रवाहाचे गणित करणारे साधन विनामूल्य मिळते आणि मुंबईच्या आयआयटीतील फॉसी प्रकल्पाने त्याचा देशभर प्रसार चालवला आहे. वीस वर्षांचा मुलगा वसतिगृहातील आपल्या टेबलावर आज जे गणित मांडतो, ते रिचर्डसनच्या स्वप्नातही नव्हते.

पण धोकाही तेथेच आहे. गणित संपले की पडद्यावर लाल-निळ्या रंगांचे मोहक चित्र उमटते. घरे पुरेशी बारीक होती की नव्हती, चाके फिरती धरली होती की थांबलेली, चालकाचे डोके आणि शिरस्त्राण त्यात होते की नाही, काही असले तरी चित्र तितकेच सुबक येते. परीक्षक चित्र पाहून माना डोलावतात. चांगला परीक्षक मात्र विचारतो, ‘हे ताडून कोठे पाहिले?’ या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी कोट्यवधींचा बोगदा लागत नाही. चांगले पंख लावलेल्या अशा मोटारीवर ताशी ६० किलोमीटर वेगाला पन्नासेक किलोंचा दाब येतो. वेग निम्मा केला तर तो बारा-तेरा किलोंवर उतरतो. त्यामुळे चाकांवरच्या स्प्रिंगा किती दबल्या हे साध्या मोजयंत्राने निरनिराळ्या वेगांत नोंदले, की दाबाचा खरा आकडा हाती येतो. मागे रेटणाऱ्या वाऱ्याचे मापही असेच घेता येते. वारा पडलेला असताना, पहाटे, सपाट रस्त्यावर मोटार वेगात आणून तिचा गियर सोडून द्यायचा आणि वेग दर सेकंदाला किती उतरतो ते टिपायचे. चाकांचा रोध वेगानुसार फारसा बदलत नाही, हवेचा रोध वेगाच्या वर्गाने बदलतो. म्हणून नोंदींतून दोघांना वेगळे करता येते. तोच रस्ता उलट दिशेने धावून पुन्हा मोजायचे, म्हणजे उतार आणि उरलासुरला वारा यांचा दोष निघून जातो.

प्रवाह पंखाला चिकटून जातो की मध्येच सुटतो हे पाहण्याची युक्ती तर याहून स्वस्त आहे. लोकरीचे किंवा सुताचे बोटभर धागे पंखाच्या पाठीवर ओळीने चिकटवायचे आणि शेजारून धावणाऱ्या गाडीतून त्यांचे चित्रण करायचे. सुरतेत तरी धाग्याला तोटा नाही. जेथे धागे सरळ मागे ताणलेले राहतात तेथे प्रवाह चिकटलेला. जेथे ते फडफडतात किंवा उलटे वळतात तेथे तो सुटलेला. मग संगणकाचे चित्र आणि धाग्यांचे चित्र एकापुढे एक ठेवायचे. पडद्यावर पंखाच्या टोकाशी प्रवाह चिकटलेला दिसतो आहे आणि रस्त्यावर तेथले धागे थरथरत आहेत, असे दिसले तर पंखाला हात लावायचा नाही. परत जाऊन टोकाजवळची घरे बारीक करायची, चाके फिरती ठेवायची आणि गणित पुन्हा सोडवायला लावायचे.